बसायला जागा : मनवेलपाडा ते परळचा दामोदर हॉल

आम्ही विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात राहतो. नाव पाड्याचे असले तरी आता पाडा कुठे उरला आहे? तलाव आहे, तलावाच्या आसपास चाळी आहेत आणि चाळींच्या मागे इमारती उभ्या राहिल्या आहेत. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्यावर परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोड सोडून आलेली माणसे इथे आहेत. कोकणातून आलेली आहेत, मराठवाड्यातून आणि विदर्भातून पोटासाठी आलेलीही आहेत. सकाळी लोकलला लटकून मुंबई गाठायची आणि रात्री परत यायचे, हा सगळ्यांचा एकच दिनक्रम. आमच्या वस्तीत आपल्या समाजाची घरे पुष्कळ आहेत. माणसे आहेत, उत्साह आहे, वर्गणी द्यायची तयारी आहे. नाही ती फक्त बसायला जागा.

ही गोष्ट २०२३ सालच्या वर्षावासातली. आषाढी पौर्णिमेपासून रोज संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन आम्ही आळीपाळीने एकेकाच्या घरी ठेवतो. दहा बाय बाराची खोली. त्यात पलंग, कपाट, शिलाई मशीन. महिला आत, पुरुष दारात आणि मुले गल्लीत ताडपत्रीखाली. एका संध्याकाळी पाऊस असा कोसळला की ताडपत्रीला पोट आले आणि सगळे पाणी मुलांच्या अंगावर पडले. वाचन थांबले. पुसापुशी झाली. ग्रंथ तेवढा कोरडा राहिला होता. त्या दिवशी ज्यांच्या घरी वाचन होते त्या मावशी म्हणाल्या, "अहो, किती वर्षं असं दारात बसायचं? जन्माला आलं की रस्त्यावर मांडव, लग्नाला रस्त्यावर मांडव, माणूस गेलं की पुण्यानुमोदनालाही रस्त्यावर मांडव!"

मावशींचे बोलणे खोटे नव्हते. मागे एकदा आम्ही जयंतीच्या व्याख्यानासाठी एका हॉलची चौकशी केली होती. तारीख मोकळी आहे असे आधी सांगितले गेले. कार्यक्रम कसला ते सांगितल्यावर तीच तारीख भरलेली निघाली. अशा वेळी भांडायचे तरी कुणाशी? वहीत तारीख भरलेली दाखवली की झाले.

त्याच सुमारास आमच्या मंडळाकडे तीन वर्षांची वर्गणी जमली होती. घरटी महिना वीस रुपये. रक्कम मोठी नव्हती, पण घामाची होती. तरुण मुलांचे म्हणणे पडले की वस्तीच्या तोंडाशी बाबासाहेबांच्या नावाची मोठी कमान उभारू. "कमान लांबून दिसते. आपली वस्ती आहे हे कळतं," असे एक मुलगा म्हणाला. महिलांचे म्हणणे, कमानीखाली पावसात कोण बसणार? आधी चार भिंती करा. दोन्ही बाजूंनी आवाज चढले. बैठक मोडायची वेळ आली.

तेव्हा आमचे तात्या बोलले. तात्या गिरणी कामगार. त्रासन खात्यात काम केलेले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात घरी बसले आणि पुढे परळची खोली सोडून इकडे आले. त्यांचे वडीलही गिरणीतच होते. तात्या शांतपणे म्हणाले, "पोरांनो, कमान करायची की हॉल, ते नंतर ठरवा. परळचा दामोदर हॉल पुढच्या महिन्यात बंद होणार असं कानावर आलंय. तो बंद व्हायच्या आधी एकदा बघून या. आपल्या चळवळीचं पहिलं ऑफिस कुठं होतं ते तरी डोळ्यांनी बघा."

आमच्यातल्या निम्म्यांना ही गोष्ट ठाऊकच नव्हती. आम्ही स्वतः पंचवीस वर्षे चळवळीत आहोत, पण कबूल केले पाहिजे की दामोदर हॉल म्हणजे नाटकाचे थिएटर एवढेच आमच्या डोक्यात होते.

ऑक्टोबरमधला रविवार ठरला. तात्या, मावशी, कमान मागणारा तो मुलगा, त्याची कॉलेजात शिकणारी बहीण आणि आम्ही असे पाच जण निघालो. विरारहून गाडी सुटते म्हणून बसायला जागा मिळाली, हेच त्या दिवशीचे पहिले सुख! दादरला उतरून पूर्वेला बाहेर पडलो. तात्यांनी टॅक्सी नको म्हटले. "चालत जाऊ. आमचा सगळा जन्म याच रस्त्यावर गेला," म्हणाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने, हिंदमाता मागे टाकून आम्ही परळकडे चालू लागलो. वाटेत तात्या दाखवत होते. इथे गिरणीचे फाटक होते, इथे खाणावळ होती, इथे संपाची सभा भरायची. आम्हाला दिसत होते ते काचेचे टॉवर.

दामोदर हॉलची हकीकत समजून घ्यायची तर आधी नारायण मल्हार जोशी यांना समजून घ्यावे लागते. ना. म. जोशी हे मूळचे कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडमधल्या गोरेगावचे. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढली. गिरणगावात कामगारांसाठी रात्रशाळा, मोफत वाचनालये, दवाखाने चालवणे हे तिचे काम. १९२० साली देशातल्या कामगार संघटनांची मध्यवर्ती संस्था 'आयटक' स्थापन झाली, त्यातही जोशींचा मोठा वाटा होता. डिलाईल रोडला आज त्यांचेच नाव आहे. या लीगने परळमध्ये कामगारांसाठी जी वास्तू उभी केली तिला दामोदर ठाकरसी यांचे नाव दिले. लोकांच्या तोंडी तिचे नाव झाले 'दामोदर हॉल'. इथल्या नाट्यगृहाची सुरुवात १९२२ सालची.

त्या काळचा गिरणी कामगार कसा राहत होता? एका खोलीत दोन-दोन, तीन-तीन बिऱ्हाडे. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच वळकटीवर आडवी व्हायची. घरी बसून चार माणसांशी बोलायला जागा नाही. मग माणूस जाणार कुठे? एक तर दारूच्या गुत्त्यावर, नाहीतर नाक्यावर. म्हणून वाचनालय पाहिजे, आखाडा पाहिजे, नाटक पाहिजे, सभेला छप्पर पाहिजे. श्रीमंताला हॉल ही हौस असते. गरिबाला हॉल म्हणजे घराची वाढवलेली खोली असते. हे त्या वेळच्या लोकांनी ओळखले होते.

आम्ही पोचलो तेव्हा दारात गर्दी होती. कोकणातल्या एका गावच्या मुंबईकर मंडळींचा नमनाचा प्रयोग होता. गिरणगावातल्या कोकणी माणसाचे नमन, जाखडी, शक्ती-तुरा यांना दामोदरने पिढ्यान्पिढ्या जागा दिली. दिवसभर साच्यावर उभा राहणारा कामगार रात्री तोंडाला रंग लावून राजा व्हायचा तो इथे. तिकिटे काढून आम्ही आत बसलो. मावशी खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवून इकडेतिकडे बघत होत्या. म्हणाल्या, "किती वर्षांनी अशी पंख्याखाली बसले, ते पण कुणाच्या लग्नाशिवाय!"

पडदा उघडायला अवकाश होता. तात्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यांनी वडिलांकडून ऐकलेले आणि आम्ही पुस्तकांतून वाचलेले जुळवून ती हकीकत इथे देत आहोत.

९ मार्च १९२४ रोजी याच दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी एक सभा बोलावली. विलायतेहून बॅरिस्टर होऊन ते नुकतेच परतले होते. अस्पृश्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडायला आणि त्यांच्या उन्नतीसाठी काम करायला एक मध्यवर्ती संस्था हवी, हा विषय होता. त्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेचा विचार पक्का झाला आणि २० जुलै १९२४ रोजी सभा रीतसर स्थापन झाली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब, चिटणीस शिवतरकर मास्तर. आणि सभेची कचेरी? इथेच, दामोदर हॉलमध्ये.

बाबासाहेब तेव्हा राहत होते पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत, दोन खोल्यांत. १९१२ पासून १९३४ पर्यंत त्यांचे बिऱ्हाड त्या चाळीत होते. एवढे मोठे कुटुंब, माता रमाईंचा संसार, पुस्तकांचे ढीग. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांना बसवायचे कुठे? म्हणून घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या दामोदर हॉलमधली कचेरी हेच त्यांच्या कामाचे ठिकाण झाले. खेड्यापाड्यांतून माणसे यायची. कुणाची जमीन बळकावलेली, कुणाला पाणवठ्यावर मारलेले, कुणाच्या मुलाला शाळेत घेत नाहीत. वकिलाला द्यायला पैसे नसलेली ही माणसे या दारातून आत येत आणि त्यांचे ऐकून घेतले जाई.

सभेने काम काय केले ते बघा. ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. तिथल्या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक काढले. मुंबईत मोफत वाचनालय चालवले. तरुण मुले जुगाराच्या आणि दारूच्या नादी लागू नयेत म्हणून चक्क हॉकीचा क्लब काढला! हे ऐकल्यावर आमच्याबरोबरचा मुलगा सावरून बसला. "हॉकी? खरंच?" त्याला वाटत होते की चळवळ म्हणजे मोर्चा आणि भाषण. तात्या हसून म्हणाले, "अरे, माणसं जमली पाहिजेत ना आधी. ग्रंथासाठी जमू देत, नाहीतर चेंडूसाठी जमू देत. जमायला जागा लागते."

आम्ही व्यवसायाने कारकून आहोत, वाणिज्य शाखेचे पदवीधर. त्यामुळे आमची नजर नेहमी दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. बहिष्कृत हितकारिणी सभेला पहिल्या दिवसापासून घटना होती, चिटणीस होता, खजिनदार होता. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे पंडित. लोकांच्या पैशाचा हिशेब ही त्यांच्या दृष्टीने नैतिक गोष्ट होती. कामाला पाठिंबा देणाऱ्या सवर्ण, पारशी, ज्यू गृहस्थांना त्यांनी उपाध्यक्ष मंडळात घेतले, पण प्रत्यक्ष काम आपल्या माणसांच्या हाती ठेवले. छप्पर दुसऱ्याचे होते, चालवणारा हात आपला होता.

आणि इथेच आमच्या मनात एक प्रश्न आला. दामोदर हॉलने आपल्याला दार उघडले याबद्दल कृतज्ञता हवीच. त्या काळात किती दारे उघडी होती? गिरणीत सुद्धा साचेखात्यात आपल्या माणसाला घेत नसत. कारण कांडीचा तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याला आपला विटाळ होई. जास्त पगाराचे खाते म्हणून ते आपल्याला बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. अशा गिरणगावात एका हॉलने आपल्याला सन्मानाने बसायला जागा दिली ही मोठीच गोष्ट. पण दुसऱ्याच्या छपराला एक मर्यादा असते. ती महाडला दिसली.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. ती भरली होती तिथल्या वीरेश्वर थिएटरच्या मंडपात. म्हणजे ज्या परिषदेतून उठून बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली, ती परिषदही एका छोट्या गावच्या नाट्यगृहातच भरली होती. पाणी प्याल्यानंतर गावात अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मग लाठ्याकाठ्या घेऊन आलेल्या जमावाने मंडपात जेवत असलेल्या आपल्या माणसांवर हल्ला केला.

त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रह परिषद घ्यायची ठरली. तेव्हा महाडात परिषदेला जागा द्यायला कुणी तयार होईना. अखेर फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. त्या जमिनीवर मंडप उभा राहिला आणि २५ डिसेंबर १९२७ ला तिथे मनुस्मृतीचे दहन झाले. इतिहासात दहन सगळ्यांना आठवते, जागा देणारा फत्तेखान किती जणांना आठवतो? मार्चमध्ये मिळालेले छप्पर डिसेंबरात मिळत नाही, हा त्यातला धडा. मालकाच्या मनावर किंवा गावाच्या दडपणावर चालणारी जागा कधी हातातून जाईल ते सांगता येत नाही.

प्रयोग संपल्यावर आम्ही बाहेर आलो. तात्या पायऱ्यांवर क्षणभर उभे राहिले. काही बोलले नाहीत. मावशींनी त्यांना पाण्याची बाटली दिली. परतताना आम्ही मुद्दाम दादरला गोकुळदास पास्ता रोडकडे वळलो.

दामोदर हॉलमध्ये काम करता करताच बाबासाहेबांना वाटू लागले होते की मुंबईत अस्पृश्यांचे स्वतःचे, कुणाच्या उपकाराचे नसलेले केंद्र हवे. त्यासाठी त्यांनी इमारत फंडाची मोहीम चालवली, लोकांना वर्गणी मागितली आणि दादरला जागा घेतली. तिथे छापखाना आला. धर्मांतरानंतर तो 'बुद्धभूषण' झाला. तिथेच आंबेडकर भवन उभे राहिले. कामगारांच्या आणेपैशांतून उभी राहिलेली ती वास्तू. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आईवडिलांची लग्ने, बैठका, शिबिरे तिथे झाली असतील.

२५ जून २०१६ च्या पहाटे अंधारात ती वास्तू आणि तो छापखाना यंत्रे लावून पाडण्यात आला. सगळ्या महाराष्ट्रातून संताप उसळला. १९ जुलै २०१६ ला भर पावसात मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. आम्हीही विरारहून गेलो होतो. वाद विश्वस्तांचा होता, हक्काचा होता, तो कोर्टात गेला. त्या वादात कुणाची बाजू काय, हे सांगायला आम्ही ही हकीकत लिहीत नाही. आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच की जागा आपली असली म्हणून ती राहतेच असे नाही. दुसऱ्याच्या हातून जाते तशी ती आपल्या आपल्यातल्या भांडणातूनही जाते. ज्या दिवशी आपण कागद बघायचे सोडतो त्या दिवसापासून ती जायला लागते.

परतीच्या गाडीत विरारपर्यंत उभेच राहावे लागले. गर्दीत त्या मुलाची बहीण म्हणाली, "काका, आपल्या भागात पूर्वी असं काही नव्हतं का? सगळं मुंबईतच?"

आम्हाला तिच्या प्रश्नाने बरे वाटले. म्हटले, आपण राहतो कुठे ते तरी लक्षात घे. मनवेलपाड्यापासून जवळ, नालासोपारा पश्चिमेला सोपाऱ्याचा स्तूप आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे लहान तुकडे आणि बुद्धमूर्ती मिळाल्या. सम्राट अशोकाचा शिलालेखही इथल्याच भूमीत मिळाला. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा हे बंदर होते आणि धम्माचे ठाणे होते.

आणि सभागृहच म्हणशील तर कार्ल्याचे चैत्यगृह बघ. लोणावळ्याजवळच्या डोंगरात एकसंध खडकात कोरलेले, सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद. शेकडो माणसे एकत्र बसून धम्म ऐकतील एवढी जागा. ते कुणा एका राजाने बांधले नाही. दारात लेख आहेत, खांबांवर लेख आहेत. कुणी वैजयंतीचा श्रेष्ठी, कुणी सुगंधी द्रव्ये विकणारा, कुणी सुतार, कुणी परदेशातून आलेला यवन. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे दान दिले आणि आपले नाव, आपले गाव दगडावर कोरून ठेवले. त्यातल्या एका खांबावर लिहिले आहे की हा खांब सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने दिला. भाणक म्हणजे धम्मग्रंथ पाठ करून सांगणारा. आपण वर्षावासात वाचन करतो ना, तेच काम करणारा. म्हणजे आपल्या शेजारच्या गावातल्या एका वाचन करणाऱ्याने दोन हजार वर्षांपूर्वी घाट चढून जाऊन त्या सभागृहाचा एक खांब उभा केला!

ती मुलगी काही वेळ गप्प होती. मग भावाला म्हणाली, "कमानीला दोन खांब लागतात. हॉलला पुष्कळ. पुष्कळ लोकांना देता येतील." त्या एका वाक्याने आमच्या बैठकीचे अर्धे काम केले.

पुढच्या रविवारी बैठक झाली. या वेळी आवाज चढले नाहीत. तात्यांनी पाहिलेले सांगितले, आम्ही कागदाचे सांगितले. ठराव झाला : कमान नाही, सभागृह. पण आधी जागा नाही, आधी नोंदणी. कारण वर्गणी कुणाच्या खिशात, वही कुणाच्या घरात, अशा अवस्थेत कुणाच्या नावावर जागा घेणार? ज्याच्या नावावर घेऊ त्याची मुले उद्या वारस म्हणून उभी राहतील.

आमच्या वाचकांच्या उपयोगाचे म्हणून चार गोष्टी इथे सांगून ठेवतो. मंडळाची नोंदणी संस्था म्हणून आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली करून घ्यावी. मिळकत संस्थेच्याच नावावर असावी आणि धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत तिची नोंद असावी. ती नोंद असली की ती मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून विकता येत नाही. विश्वस्त बदलले, कुणी वारले, कुणी राजीनामा दिला, तर नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा. बहुतेक मंडळे इथेच झोपतात आणि वीस वर्षांनी दोन गट दोन याद्या घेऊन उभे राहतात. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा आणि तो वस्तीत वाचून दाखवावा. गुपचूप ठेवलेला खरा हिशेबही लोकांना खोटा वाटतो.

दामोदर नाट्यगृह २०२३ च्या नोव्हेंबरपासून पुनर्विकासासाठी बंद झाले. नव्या बांधकामात नाट्यगृहाला जागा राहणार की नाही, म्हणून कलावंतांनी आणि गिरणगावातल्या रसिकांनी आवाज उठवला. आमचेही म्हणणे तेच आहे आणि त्यात आणखी एक भर आहे. तिथे जे काही उभे राहील त्यात एक फलक असावा. ९ मार्च १९२४ आणि २० जुलै १९२४ या दोन तारखा त्यावर असाव्यात. आत येणाऱ्या प्रत्येकाला कळावे की नाटकाच्या या घरात एका समाजाची जाहीर वाटचाल सुरू झाली.

आता आमच्या सभागृहाचे काय झाले, असे वाचक विचारतील. खरे सांगायचे तर अजून ते उभे नाही. नोंदणी झाली. वर्गणी वीसची पन्नास झाली. मध्यंतरी एक जागा फार स्वस्तात सांगून आली. सगळ्यांचा जीव अडकला. कागद बघितले तर बांधकामाची परवानगी नव्हती आणि मालकीही स्पष्ट नव्हती. "इथं सगळे असंच बांधतात," असे सांगणारा म्हणाला. आम्ही नाही म्हटले. काही लोक आमच्यावर रागावले. "कारकुनाला कागदाशिवाय दिसतं काय?" असेही बोलले.

मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये आमच्याच विरार पूर्वेला एक अनधिकृत चार मजली इमारत कोसळली. सतरा माणसे गेली. त्यात लहान मूलही होते. त्या रात्री आम्ही मदतीला धावलो तेव्हा कुणी काही बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी रागावलेले लोक स्वतःहून वर्गणी घेऊन आले. ज्या छपराखाली आपली मुले बसणार आहेत ते छप्पर आधी भरवशाचे पाहिजे.

कमान मागणारा तो मुलगा आज मंडळाचा हिशेबनीस आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो वही घेऊन दारोदार जातो. मावशींनी आपली रक्कम आगाऊ भरून ठेवली आहे. त्या म्हणतात, "माझा एक खांब लिहून ठेव रे. नाव नको कोरू, फक्त मनवेलपाडा लिही."

तात्या आता थकले आहेत. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "जमीन मिळाली की मला पहिला दगड ठेवायला न्या. नाही चालता आलं तर रिक्षाने न्या."

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या गावात, आपल्या वस्तीत जे समाजमंदिर असेल, विहार असेल, वाचनालय असेल, त्याची हकीकत वयस्कर माणसांना विचारून लिहून ठेवा. कुणी जागा दिली, कुणी विटा वाहिल्या, कागद कुणाच्या पेटीत आहेत, ते विचारा. यंदाचा वर्षावास संपायच्या आत एवढे काम झाले तरी पुष्कळ झाले.

जयभीम.